धुराने न जळलेली पात

दिवाळी सरून पंधरा-वीस दिवस झाले की दादरच्या भाजीबाजारात पातीच्या कांद्याचा रंग बदलतो. पात वर्षभर मिळते, पण थंडीतली पात निराळी. तिच्या हिरव्या रंगाला जराशी निळी झाक असते. बोटांत धरली की आत हवा भरलेली जाणवते. मुळाशी अजून कांदा धरलेला नसतो, नुसता एक पांढरा थेंब असतो. भाजीवाली जुड्यांवर पाणी शिंपडते आणि एक वास उठतो, ओल्या मातीचा आणि कच्च्या तिखटाचा. मी तिथे थांबतो. ती ओळखीची झाली आहे. "आजोबा, रोज बघता, कधी घेत नाही," म्हणते. मी हसून पुढे जातो.

मला नव्वदीला दोन वर्षं कमी आहेत. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मी एकोणीस-वीस वर्षांचा होतो. त्या काळात एका बाईच्या कांद्याच्या रोपांबद्दल मी खोटं बोललो. ते खोटं सभांमध्ये गाजलं, आमच्या चाळीच्या इतिहासात जाऊन बसलं, आणि अजूनही कुणी ना कुणी ते अभिमानाने सांगतं. त्या बाईला खरं सांगायला मला पुष्कळ वर्षं मिळाली होती. मी ती घालवली. आता निदान लिहून तरी ठेवतो.

परळ आणि लालबाग यांच्या मधोमध आमची चाळ होती. तिसऱ्या मजल्यावर आमच्या शेजारच्या खोलीत भागीरथीमावशी राहायची. गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. नवरा गेलेला, पदरात चार वर्षांची कुसुम. माहेर जुन्नरकडचं, कांद्याच्या मुलखातलं. त्या वर्षी ऐन दिवाळीत तिची आई गेली. तेराव्यानंतर मावशी परतली ती एक चिंधीची पुरचुंडी कमरेला खोचून. घरातली तांब्यापितळेची भांडी भावजयांनी वाटून घेतली होती. मावशीने एवढीच वस्तू मागून घेतली होती.

"काय आहे यात?" मी विचारलं.

"आईचं बी हाय. कांद्याचं." तिने पुरचुंडी सोडून माझ्या तळहातावर चिमूटभर ओतलं. "फुकू नगंस. उडंल."

तिळाहून लहान, काळेकुट्ट, कोपरे आलेले दाणे. कोळसा कुटताना उडते ती कणी वाटावी असे. मी तेव्हा इंटर सायन्सला होतो, चाळीत विज्ञान शिकणारा एकटाच, त्यामुळे मला बरंच कळतं असा माझा आणि इतरांचाही समज होता. कांद्याचं बी मात्र मी आयुष्यात प्रथम पाहत होतो. ते कसं होतं हे मला मावशीने सांगितलं. पहिल्या वर्षी बी पेरायचं, रोपं लावायची, कांदा काढायचा. त्यातले उत्तम कांदे निवडून ठेवायचे, खायचे नाहीत, विकायचेही नाहीत. दुसऱ्या वर्षी तेच पुन्हा मातीत लावायचे. मग त्यांना लांब दांडा फुटतो, टोकाला पांढऱ्या फुलांचा चेंडू येतो. त्याला ती डेंगळा म्हणायची. तो वाळला की झटकून बी. म्हणजे एका दाण्यामागे दोन वर्षं. तिच्या आईला हे बी तिच्या आईकडून मिळालं होतं, तिला तिच्या आईकडून.

"ह्याची पात कशी व्हती सांगू? तळाला गुलाबी. भाकरीसंगं नुसती खायाची. भाजी कराया उरायचीच न्हाई."

मी हिशेबाने विचारलं, "किती पिढ्या?"

"कुनी मोजल्यात! डेंगळं कवा कुनी मोजतं का?"

माझ्या तळहातावर पडलेल्या त्या चिमटीकडे मी पाहत राहिलो. मी जन्मण्याच्या किती आधीपासून कुणीतरी बायका दर वर्षी उत्तम कांदे न खाता बाजूला ठेवत आल्या होत्या, आणि त्या सगळ्या ठेवण्याचं वजन माझ्या हाताला जाणवतही नव्हतं.

जानेवारी लागल्यावर मावशीने निम्मं बी पेरलं. निम्मं राखेत मिसळून डब्यात ठेवलं. चहाचं एक लाकडी खोकं आडवं चिरून तिने गॅलरीच्या कठड्याला टेकवून ठेवलं. माती मैदानाच्या कडेची, शेण तबेल्यातलं, राख सिगडीची, आणि हे सगळं पिठाच्या चाळणीने चाळलेलं. बोटाने रेघा ओढून तिने बी सोडलं, वर चिमटीचिमटीने माती भुरभुरली, आणि ओलं गोणपाट झाकलं. पलीकडच्या खोलीतले तातू मालवणकडचे. ते विडी ओढत उभे होते.

"गो भागीरथी, ह्या गवात पेरतंस कित्याक? म्हस बांधतलंस काय गॅलरीत?"

"बांधती की. तुमच्या दाराम्होरंच बांधती. शेण तुमी उचला."

गॅलरी हसली. पुढे तातू खोक्यापाशी आले की हंबरायचे.

संक्रांतीच्या सुमारास मुंबई पेटली. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं दिल्लीहून ठरलं, आणि गिरण्यांचे भोंगे वाजले तरी आत कुणी जाईना. रस्त्यावर मोर्चे, मग लाठ्या, मग गोळ्या. मावशीची बहीण नायगावला बाळंत झाली होती, म्हणून ती कुसुमला घेऊन सकाळी तिकडे गेली, ती संध्याकाळी संचारबंदी लागल्यामुळे तिथेच अडकली. जाताना मला सांगून गेली होती, "सदा, दोन टायमाला पानी शिंपड. हातानं. तांब्यानं ओतू नगं. आन् कोंब दिसला की गोणपाट काढ. बाकी कायबी करू नगंस."

बाकी काहीही करू नकोस. ती हे स्पष्ट म्हणाली होती. तेव्हा मला ते शब्द नुसते बोलण्याच्या भरात आलेले वाटले.

संचारबंदीच्या दुसऱ्या सकाळी मी गोणपाट उचललं. आदल्या दिवशी माती सपाट होती. आता तिला रेघारेघांनी तडे गेले होते, आणि प्रत्येक तड्यातून हिरवट पांढऱ्या दोऱ्याचं एक वेटोळं वर आलं होतं. बाईच्या अंबाड्यातला आकडा उलटा खोचावा तसं. दोन्ही टोकं मातीत, पाठ बाहेर. शेकडो कोंब, सगळे वाकलेले, सगळ्यांची पाठ उन्हाकडे. खाली रस्त्यावर पोलिसांची गाडी उभी होती, लांबून घोषणा ऐकू येत होत्या, आणि माझ्यापुढे त्या चहाच्या खोक्यात एक अख्खी जमात डोकं खाली घालून उगवत होती. मी गुडघ्यांवर बसलो. तोपर्यंत मी बी रुजण्याचं चित्र पुस्तकात पाहिलं होतं, त्यावर परीक्षेत उत्तर लिहिलं होतं, चांगले गुणही मिळवले होते. त्या सकाळी ते पहिल्यांदा माझ्या नाकासमोर घडत होतं, आणि मला श्वास सोडायची भीती वाटत होती.

तिथेच थांबलो असतो तर!

पण मला वाटलं, हे अडकलेत. एक टोक मुळाचं, ते मातीत हवंच. दुसरं टोक मात्र वर यायला हवं. माती घट्ट बसली असणार, डोकं रुतून राहिलं असणार. इतकी धडपड करून वर आलेल्या जिवाला आपण एवढीही मदत करू नये? कंपास पेटीतलं टोकदार कर्कटक मी आणलं. त्याने एकेका कोंबाचं रुतलेलं टोक हळूच उचकटून बाहेर काढलं. प्रत्येक टोकाला बियाची काळी टोपी होती. मी तीही नखाने काढली, ओझं कमी व्हावं म्हणून. सबंध सकाळ मी हे केलं. आई आतून ओरडत होती, "अरे, आत ये, खाली गोळ्या चालल्यायत!" मी गेलो नाही. दुपारी सगळे कोंब सरळ उभे होते. इतका अभिमान मला मॅट्रिकच्या निकालाचाही वाटला नव्हता.

त्याच दुपारी नाक्यावर अश्रुधुराची नळकांडी फुटली. धूर वाऱ्याबरोबर तिसऱ्या मजल्यापर्यंत आला. आम्ही दारं लावून, ओले पंचे तोंडाला बांधून बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी कोंब माना टाकून पडले होते, संध्याकाळपर्यंत पांढरे दोरे झाले. कारण मला नंतर समजलं. दाण्यातली शिदोरी त्या टोपीत असते, आणि वाकलेला कोंब ती टोकाने शोषून घेत असतो. मी शेकडो तोंडांतला घास काढून घेतला होता. पण तेव्हाही, पुस्तकात वाचण्याआधीच, मला आतून माहीत होतं की हे धुराने झालेलं नाही. आमच्या कठड्यावर तुळस होती. तिचं एक पानही करपलं नव्हतं.

संचारबंदी सैल झाल्यावर मावशी आली. कुसुमला खाली ठेवायच्या आधी ती खोक्याकडे वळली.

"सदा, काय झालं रं?"

"धूर, मावशी. अश्रुधुराने जळलं."

तिने मातीवरून हात फिरवला. मग पदराने हात पुसत म्हणाली, "मान्सं मारली त्येंनी. माझी रोपं कशापायी सोडतील?"

एवढ्यावर ते थांबलं असतं तर एका तरुणाची लपवाछपवी एवढंच ते राहिलं असतं. पण चाळीत गोष्ट थांबत नाही. आमच्या गल्लीतले एक कार्यकर्ते होते, त्यांना सगळे मास्तर म्हणत. त्यांच्या कानावर ते गेलं. ते खोकं पाहायला आले आणि त्यांचे डोळे भरून आले. पुढच्या रविवारी नाक्यावरच्या सभेत त्यांनी मला व्यासपीठावर चढवलं. "हे आमचे विज्ञानाचे विद्यार्थी, यांनी डोळ्यांनी पाहिलंय." मी पहिल्यांदा माईकसमोर उभा राहिलो. मी सांगितलं की एका गिरणी कामगार विधवेने आपल्या आईच्या आठवणीची रोपं लावली होती. सांगितलं की सरकारच्या धुराने ती जाळली. टाळ्या पडल्या. टाळ्यांनी माणसाचं काय होतं ते ज्याला पडल्या त्यालाच कळतं. मी आणखी एक वाक्य बोललो, जे मी ठरवलं नव्हतं: "ती मातीसुद्धा आता विषारी झाली आहे. तिच्यात काही उगवणार नाही!"

टाळ्या दुप्पट झाल्या.

शाहिरांनी त्यावर कडवं रचलं. लोक जिना चढून खोकं पाहायला येऊ लागले. कुणी झेंडूचा हार घातला. मास्तरांनी पुठ्ठ्यावर लिहून लावलं, 'या मातीचा जाब द्या.' बायका मातीला हात लावून कपाळाला लावत. तातूंनी हंबरणं सोडलं. मला म्हणाले, "मेल्या सदा, तू तर पुढारी झालस!" आणि भागीरथीमावशी, जिला चाळीत आजवर कुणी फारसं विचारत नव्हतं, ती येणाऱ्याला पाणी द्यायची आणि दारात अवघडून उभी राहायची.

हे लिहिताना एक गोष्ट मला सगळ्यांत जास्त बोचते. लढा खरा होता. गोळ्या खऱ्या होत्या. आमच्याच गल्लीतला एक मुलगा दूध आणायला गेला आणि परत आला नाही. त्याची आई त्यानंतर किती दिवस भांडं घासून दाराबाहेर उपडं ठेवत असे. त्या खऱ्या मरणांच्या रांगेत मी एक बनावट मरण नेऊन उभं केलं, आणि लोकांनी त्यालाही तसाच नमस्कार केला. त्या लोकांचा काही दोष नव्हता. त्यांच्या भोवती इतकं काही जळत होतं की चार कोंब जळाले यात शंका घ्यावी असं काही नव्हतंच.

पुढच्या थंडीत मावशीने राखेतल्या बियाचा डबा काढला. मला हाक मारली. "सदा, तू शिकलेला हाईस. पेरू का आता? निवळली का हवा?"

खोकं तसंच ठेवलेलं होतं. पाटी तशीच होती. मास्तर दर महिन्याला कुणाला तरी ते दाखवायला आणत. त्या मातीत पात उगवली असती तर मी नाक्यावर जे बोललो होतो ते तिच्या दारातच खोटं ठरलं असतं.

"अजून नको, मावशी," मी म्हणालो.

"दुसरी माती आनू का?"

"हवेतच असतं ते. उतरायला वेळ लागतो."

"बरं बाबा." तिने डबा फडताळात ठेवला.

त्याच्या पुढच्या थंडीतही तिने विचारलं. त्याच्याही पुढच्या. मी दर वेळी तेच सांगितलं, आणि सांगायला दर वेळी थोडं सोपं गेलं. कांद्याचं बी फार जगत नाही, मुंबईच्या दमट हवेत तर वर्ष-दीड वर्ष पुष्कळ झालं, हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी मी वेगळं काही बोललो असतो का, हे मी स्वतःला अनेक वेळा विचारलं आहे. उत्तर दर वेळी एकच येत नाही.

मग महाराष्ट्र झाला. चाळीला रोषणाई झाली, पेढे वाटले गेले, ढोल वाजले. त्या गर्दीत मावशी मला शोधत आली. चेहरा उजळला होता. "आता तर निवळली ना रं?" आणि मी हो म्हणालो. आता पाटीची गरज कुणालाच उरली नव्हती. थंडी पडल्यावर तिने जुनी माती फेकली, नवी आणली, चाळली, रेघा ओढल्या, सगळंच्या सगळं बी पेरलं. गोणपाट झाकलं.

आठ दिवस गेले. दहा. पंधरा. रोज सकाळी पहिल्या पाळीला जाण्याआधी ती गोणपाटाचा कोपरा उचलून बघायची, आणि मी माझ्या दारातून तिला बघायचो. विसाव्या दिवशी तिने बोटाने माती उकरली. दाणे जसे टाकले होते तसेच काळे होते. चिमटीत दाबले तर आत काही नव्हतं.

"म्हातारं झालं बी," ती म्हणाली. मग माझा चेहरा पाहून मलाच समजावू लागली. "तू कशाला तोंड पाडतोस? तुजा काय दोष? त्या धुरानं खाल्लं."

सांगायची ती वेळ होती. मी तिच्यासमोर उभा होतो, गॅलरीत दुसरं कुणी नव्हतं. माझ्या तोंडून निघालं, "चहा घेणार का, मावशी?"

पुढे मला बँकेत नोकरी लागली, लग्न झालं. त्या खोक्यात मावशी कोळसे ठेवायची. गिरणी सुटल्यावर ती कुसुमकडे मुलुंडला गेली आणि तिथेच वारली. मी तेराव्याला गेलो, जेवलो, परत आलो. चाळही पडली. त्या जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतीत मी आता चौदाव्या मजल्यावर राहतो. इथे गोणपाट मिळत नाही, राखही नाही.

या वर्षी मी भाजीबाजारातून पुढे जाऊन बियांच्या दुकानात शिरलो. का, ते नीट सांगता येत नाही. कदाचित एवढंच की जे मी मारलं ते मी कधी पुरतं पाहिलंच नव्हतं. प्लास्टिकच्या टबात माती घातली, रेघा ओढल्या, बी पेरलं. नवव्या दिवशी वेटोळी वर आली. मी स्टूल घेऊन बसलो, हात मांडीखाली दाबून. पहिला दिवस ती तशीच होती. दुसऱ्या दिवशी जराशी उंच. तिसऱ्या दिवशी दुपारी एका वेटोळ्याचं रुतलेलं टोक कुणी हात न लावता मातीतून सुटलं आणि तासाभरात उन्हाकडे उठलं. टोकाला ती काळी टोपी होती, चार दिवसांनी आपोआप गळणारी. मग दुसरं उठलं. मग पंचवीस-तीस. वाकून पाठीने माती फोडायची, म्हणजे नाजूक टोकाला इजा होत नाही, आणि शिदोरी संपली की मग मान वर करायची. हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. चौदा मजले खालून गाड्यांचा आवाज येत होता आणि मी म्हातारा माणूस त्या टबासमोर हात जोडून बसलो होतो. हात जोडलेत हे मला सुनेने विचारलं तेव्हा कळलं.

मी कुसुमला फोन केला. ती आता पंचाहत्तरीला आली आहे, शाळेतून निवृत्त होऊनही वर्षं झाली. म्हटलं, घरी ये, एक सांगायचंय. ती आली तेव्हा मी दुसऱ्यांदा बी पेरलेलं होतं आणि नवी वेटोळी वर येत होती. आधी मी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. कर्कटक, टोप्या, नाक्यावरची सभा, अजून नको, चहा घेणार का. काही गाळलं नाही.

ती चष्मा काढून पुसत राहिली. मग म्हणाली, "सदादादा, आई शेवटपर्यंत पातीचा कांदा खात नव्हती. आम्हालाही खाऊ दिला नाही. म्हणायची, मुंबईच्या हवेतली पात, नको. आम्ही हसायचो तिला."

हे मला माहीत नव्हतं.

थोड्या वेळाने ती उठून बाल्कनीत गेली, टबासमोर वाकली. "इतकी बारीक असतात?" मग एका वेटोळ्याकडे बोट नेत म्हणाली, "अगोबाई, हे अडकलंय की बिचारं," आणि तिची चिमूट त्या रुतलेल्या टोकाशी पोहोचलीसुद्धा.

मी तिचं मनगट धरलं.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे, मग त्या कोंबाकडे. ती हळूहळू स्टुलावर बसली. आम्ही दोघं किती वेळ त्या वाकलेल्या हिरव्या दोऱ्यांकडे बघत होतो कोण जाणे.

"हाताचं मला कळलं, दादा," ती शेवटी म्हणाली. "माझाही गेला असता. पण त्यानंतर पाच वर्षं तुम्ही रोज आमच्या दारावरून जात होतात."